बिनपावसाचा पूर

पूर म्हटलं की मी आधी इन्व्हर्टर वर उचलायला लावते. मग गव्हाचा डबा, सासूबाईंची औषधं, कागदपत्रांची पिशवी आणि सगळ्यात शेवटी देव. हा क्रम आमच्या घरात ठरलेला आहे. सांगलीत नदीच्या बाजूला राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. जुलै लागला की आम्ही आभाळाकडे कमी आणि मोबाइलवरच्या कोयनेच्या विसर्गाकडे जास्त बघतो. आयर्विन पुलापाशी चढलेल्या पाण्याचे फूट मोजतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. पस्तीसला शेजारच्या वहिनी विचारतात, "तुमचं आवरलं का?"

त्यामुळे गाबोरोनेहून भाच्याचा फोन आला, "मावशी, जुलैत इकडे या दोघं, पूर बघायला," तेव्हा मी फोन जवळजवळ ठेवूनच देणार होते. तो नऊ वर्षं आफ्रिकेत, बोट्स्वानात हिशेबनिसाच्या नोकरीत आहे. जंगल दाखवतो, हत्ती दाखवतो असं दरवर्षी म्हणायचा. या खेपेला मात्र पुराचं आमिष.

"पूर बघायला पासपोर्ट कशाला लागतो रे? गच्चीवर गेलं की दिसतो."

"तसला नाही. ऊन असतं, आभाळ निळंभोर, पाऊस एक थेंब नाही. आणि पाणी येतं. वाळवंटात."

ह्यांनी मागून विचारलं, "सिंह असतात का?" असतात म्हटल्यावर ह्यांचं ठरलं. माझं ठरायला आणखी दोन आठवडे लागले. पावसाळ्यात घर सोडून जायचं, तेही सासूबाईंना नणंदेकडे ठेवून, हे मनाला पटत नव्हतं. शेवटी इन्व्हर्टर कपाटावर, गहू माळ्यावर आणि देव नणंदेकडे, अशी सगळी व्यवस्था लावूनच मी विमानात बसले.

गाबोरोने ते माउन हा गाडीचा सगळा दिवसभराचा रस्ता आहे. सरळ, सपाट, आणि बाजूला काटेरी झुडपं. मधूनच गाढवं रस्त्यात उभी असतात आणि हॉर्नला दाद देत नाहीत. एका ठिकाणी गाडी अडवून आम्हाला खाली उतरवलं, औषधाच्या पाण्यात भिजलेल्या पायपुसण्यावर बूट पुसायला लावले, आणि गाडीत कच्चं मांस आहे का ते बघितलं. गुरांच्या लाळ्या-खुरकुताची भीती. त्यासाठी देशभर कुंपणं घातलेली आहेत. लाळ्या-खुरकुत हा शब्द मी इतक्या लांब ऐकेन असं वाटलं नव्हतं. भाच्याने इंग्रजीत सांगितलं, ह्यांनी मराठीत ओळखलं आणि त्या शिपायाला वाळव्याच्या आमच्या गोठ्याची हकिगत सांगायला सुरुवात केली. तो बिचारा हसून ऐकत राहिला.

माउन हे गाव म्हणजे ओकावांगो नदीच्या पसरट पाणथळ खोऱ्याचं दार. थामालाकाने नावाची नदी गावातून जाते. आम्ही पोचलो तेव्हा ती काठोकाठ नव्हती, पण भरलेली होती. पोरं गळ टाकून बसली होती. भाचा म्हणाला, "दोन-तीन महिन्यांपूर्वी इथं पात्रात गाई चरत होत्या." मी वर बघितलं. निळं, कोरडं, धुळकट आभाळ. हे पाणी कुठून आलं, हा प्रश्न सांगलीकराला पडणारच. आमच्याकडे महाबळेश्वर, कोयना इथं पाऊस झाला की एक-दोन दिवसांत पाणी दारात. हिशेब सरळ असतो.

इथला हिशेब असा. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगराळ पठारावर, साधारण डिसेंबर ते मार्च. कुबांगो आणि कुइतो या दोन नद्या तो घेऊन खाली निघतात, एकत्र येतात, नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ओलांडतात आणि मोहेम्बोपाशी बोट्स्वानात शिरतात. तिथून पुढे जमीन इतकी सपाट आहे की अडीचशे किलोमीटरमध्ये उतार जेमतेम साठ मीटरचा. पाण्याला कुठं जायचं ते कळतच नाही, म्हणून ते पसरतं. लव्हाळ्यातून, गवतातून, वाळूत मुरत मुरत चालतं. अंगोलात जानेवारीत पडलेला थेंब माउनला जून-जुलैत येतो. तोवर इथला स्वतःचा पावसाळा कधीच संपलेला असतो आणि सगळा मुलूख तहानेने टाचा घासत असतो.

टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, सांगितल्याशिवाय आम्हाला पाणी समजत नाही, म्हणून मी रात्री लॉजच्या खोलीत गणित केलं. वर्षाला साधारण ११ घन किलोमीटर पाणी या खोऱ्यात पसरतं, म्हणजे पावणेचारशेच्या वर टीएमसी. कोयना १०५ची. पावणेचार कोयना. आणि त्यातलं समुद्राला काय मिळतं? काहीच नाही. ही नदी समुद्राला जातच नाही. बहुतेक पाणी ऊन आणि झाडं पिऊन टाकतात, थोडं वाळूत जातं, आणि दोन-चार टक्के माउनवरून पुढे बोटेटी नदीला लागतं आणि कालाहारीत विरतं. ओसरलेल्या दिवसांत हे पाणथळ सांगली जिल्ह्याहून लहान असतं. पूर चढला की सांगली-कोल्हापूर एकत्र केल्याएवढं होतं. जिल्हाधिकाऱ्यांनी मान्य करावं असं हे वागणं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या विमानातून तासभर वरून बघितलं. पायलट पोरगेलासा होता, आणि विमान आमच्या जुन्या मारुतीएवढं. ह्यांनी अर्धा वेळ डोळे मिटून काढला. मी बघत होते. थापलेल्या भाकरीवर पाणी फिरवताना बोटांचे जसे माग उठतात, तसे खाली पाण्याचे माग उठलेले. मधे गोल गोल बेटं, काठाला गर्द झाडं आणि मध्यभागी टक्कल. त्या टकलाचं कोडं मला तेव्हाच पडलं होतं, त्याबद्दल पुढे सांगते. बेटाबेटांना जोडणाऱ्या पांढऱ्या पायवाटा दिसत होत्या. त्या हत्तींनी पाडलेल्या. आणि गवताळ पाण्यातून गेलेल्या काळसर रेघा, त्या पाणघोड्यांच्या.

पाणघोडा इथं पाटबंधारे खात्याचं काम करतो, असं मला पुढचे तीन दिवस वाटत राहिलं. नदी वाळू आणते, लव्हाळं वाढतं, प्रवाह तुंबतो आणि पाणी दुसरी वाट धरतं. हे सारखं चालू असतं. पश्चिमेची थाओगे नावाची मोठी धार एकोणिसाव्या शतकात अशीच तुंबून मेली. १८४९ मध्ये लिव्हिंगस्टन ज्या ङगामी तळ्याशी पोचला तेव्हा ते अफाट होतं. पुढे ते आटलं, मधूनमधून भरलं, परत आटलं. या सगळ्या गोंधळात पाणघोडे रोज रात्री चरायला बाहेर पडतात, पहाटे परततात, आणि त्यांच्या दीड-दीड टनी अंगांनी लव्हाळ्यात वाटा मोकळ्या राहतात. टेंडर नाही, बिल नाही.

मग मोकोरो.

मोकोरो म्हणजे एकाच झाडाच्या खोडातून कोरलेली अरुंद होडी. बायेई लोकांनी ती इथं आणली असं सांगतात. आता झाडं वाचावीत म्हणून बहुतेक मोकोरो फायबरच्या असतात, आकार मात्र तोच. त्या चालवायचा हक्क गावांच्या स्वतःच्या ट्रस्टकडे आहे, आणि आमच्या वाट्याला एक बाई आल्या. वय माझ्याएवढंच, डोक्याला रुमाल, हातात ङ्गाशी नावाची लांब काठी. "दुमेला, मा," त्या म्हणाल्या. सेत्स्वानात बाईमाणसाला मान देऊन असंच हाक मारतात. म्हणून मीही त्यांना माच म्हणू लागले. दोन बायका तीन दिवस एकमेकींना मा म्हणत होत्या. ह्यांना ते फार विनोदी वाटलं.

होडीत बसायला मात्र माझे पाय तयार होईनात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना नाव उलटली होती. त्या दिवसांत आम्हालाही गच्चीवरून होडीनेच काढलं होतं, आणि त्यानंतर मी नरसोबाच्या वाडीलासुद्धा कधी नावेत बसले नाही. इथं तर होडीची कड पाण्याच्या चार बोटं वर. खाली गवत भरलेलं, त्यावर पाय पसरून बसायचं, आणि मागे उभी राहून एक बाई काठीने ढकलणार. मगरी आहेत का, असं मी विचारलं नाही. भिलवडी-औदुंबरच्या माणसाला मगरीचं काय सांगावं? मी विचारलं, "खोल किती आहे?" मांनी काठी खाली टेकवली आणि वर काढून ओला भाग दाखवला. कमरेएवढा. "पडलात तर उभ्या राहा," त्या म्हणाल्या. मी बसले.

पहिली दहा मिनिटं मी दोन्ही हातांनी कड धरून होते. मग हळूहळू हात सुटले. इंजिन नाही, वल्ह्यांचा खळखळाट नाही. काठी वाळूत रुतल्याचा बारीक आवाज आणि लव्हाळं होडीच्या अंगाला घासल्याचा. आणि पाणी स्वच्छ! हे मला फार वेळ पटत नव्हतं. पुराचं पाणी म्हणजे चहाच्या रंगाचं, त्यात फ्रिज, मेलेलं वासरू, प्लास्टिकच्या घागरी. इथं तळाची वाळू दिसत होती, कमळांचे देठ खालपर्यंत दिसत होते. वाटेतल्या वाळूने आणि लव्हाळ्याने ते गाळून गाळून दिलेलं पाणी. मांनी ओंजळीने घेतलं आणि प्यायल्या.

एका लव्हाळ्यापाशी त्यांनी होडी थांबवली आणि काही न बोलता बोट दाखवलं. मला काही दिसेना. मग दिसलं. अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक, मलईच्या रंगाचा, अंगावर तपकिरी-लाल रेघा, पाय पोटाखाली घडी घालून पानाला चिकटलेला. गळ्याखालची कातडी तेवढी हलत होती. सिंह बघायला आलेली माणसं होडी थांबवून बेडकाकडे बघत बसली. मी चष्मा वर करून इतकी जवळ गेले की माझ्या श्वासाने ते पान हललं. त्याने एक पाय मोकळा केला, परत घडी घातला आणि बसला. जागचा हलला नाही.

पुढे मांनी एक कमळ देठासकट ओढून काढलं. देठ बोटभर मोडायचा, साल एका बाजूने ओढायची, मग दुसऱ्या बाजूने मोडायचा. लांबच लांब मणी झाले, खाली फूल लोंबतंय. ती माळ त्यांनी ह्यांच्या गळ्यात घातली. आम्ही लहानपणी तळ्यातल्या कमळाची अगदी अशीच माळ करायचो. हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी देठ माझ्या हातात दिला आणि करून दाखव म्हणाल्या. तिसऱ्या मण्याला माझा देठ तुटला. चाळीस वर्षांत बोटं विसरली होती. या कमळाचे कंद त्या लोकांच्या जेवणात असतात. मांसाबरोबर शिजवतात, त्स्वी म्हणतात त्याला.

दुपारी एका बेटावर तंबू पडले. संडास म्हणजे खणलेला खड्डा आणि शेजारी फावडं. ह्यांच्या चेहऱ्यावरचं लष्करी समाधान बघण्यासारखं होतं. मी फिरायला निघाले, अर्थात मांच्या मागे मागे, एकटीने पाच पावलंही नाही. काठाची झाडं गर्द, तीन माणसांच्या कवेत येतील एवढी. आत जावं तसं झाडं विरळ, मग नुसते ताडासारखे दिसणारे मोकोल्वाने, मग नुसतं खुरटं गवत, आणि अगदी मध्ये उघडी जमीन. पांढरी.

विमानातून दिसलेलं टक्कल ते हेच. मी खाली वाकले आणि बोटाने ती पांढरी पापडी उचलली. मांनी काही सांगायच्या आत मी ओळखलं होतं. ह्यांनीही ओळखलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून एकाच वेळी म्हणालो, "क्षारपड!"

वाळव्याला आमची दोन एकर जमीन अशीच गेली. उसाला पाणी पाजा, आणखी पाजा, खत टाका, परत पाजा. एक दिवस रानात पांढरं फुटतं आणि मग तिथं कुसळसुद्धा उगवत नाही. कृष्णाकाठच्या हजारो एकर रानाची ही गत आहे. त्यामुळे हे पांढरं मला शत्रूसारखं माहीत आहे. पण इथं ते काम करतंय. नदी दरवर्षी काही लाख टन विरघळलेले क्षार घेऊन येते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मग शतकानुशतकांत सगळं खोरं खारट कसं झालं नाही? याचं उत्तर त्या काठच्या झाडांत आहे. ती दिवसभर बेटाखालचं पाणी ओढून पितात, त्यामुळे आजूबाजूचं पाणी बेटाच्या पोटाकडे ओढलं जातं, येताना क्षार आणतं आणि मध्यभागी जमिनीत टाकून देतं. बेट मधून मरतं आणि भोवतीचं पाणी गोडं राहतं. एक बेट म्हणजे एक चाळण. ह्यांनी ती पांढरी माती रुमालात बांधून घेतली. नंतर मी ती परत सांडायला लावली. तिथलं काही उचलून आणायचं नसतं.

आणि बेट सुरू कुठून होतं, तर वारुळापासून. एवढ्या सपाट मुलखात हातभर उंची म्हणजे डोंगर. वाळवी वारूळ बांधते, पूर आला की तेवढा एक उंचवटा कोरडा राहतो, त्यावर पक्षी बसतो, पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं, झाड येतं, झाडापाशी माती धरते. बत्तीस शिराळ्याच्या जिल्ह्यातली माणसं आम्ही, वारुळाला हात जोडायची सवय आहेच. सासूबाई असत्या तर त्यांनी दुधाची वाटी मागितली असती.

संध्याकाळी शेकोटीपाशी जेवण. जुलै तिथला हिवाळा, आणि थंडी अशी की मी दोन स्वेटर आणि वर ह्यांची शाल घेतली होती. मांनी एका काळ्या त्रिपायी हंड्यात ज्वारीच्या पिठाचं काहीतरी शिजवलं होतं. मी एक घास घेतला आणि घशात आवंढाच आला. आंबील! पीठ आंबवून शिजवलेलं, किंचित आंबट, घट्टसर. त्याला ते टिंग म्हणतात. ताक-लसणाची फोडणी तेवढी नव्हती. मी पिशवीतून भडंग काढलं. मांनी मूठभर घेतलं, लसणाची पाकळी बाजूला काढून बघितली, खाल्ली आणि पिशवी स्वतःच्या मांडीवर ठेवली. ती परत मिळाली नाही.

तेव्हा बोलणं निघालं. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे नदी आहे का?" मी म्हटलं, आहे, आणि तिच्या पाण्याला आम्ही भितो. त्यांना ते कळेना. पाण्याला कसं भ्यायचं? पाणी आलं की मासे येतात, गवत येतं, पाहुणे येतात, होडीचं काम मिळतं. त्यांच्या देशात पैशालाच पुला म्हणतात, आणि पुला म्हणजे पाऊस. भाषण संपलं की लोक ओरडतात, "पुला!" मी त्यांना २०१९ सांगितलं. ऑगस्टचा पहिला आठवडा. आयर्विन पुलापाशी ५७ फूट. आमच्या पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी. पाच दिवस गच्चीवर. नंतर भिंतीवर उमटलेली रेघ, जी तीनदा रंग देऊनही पावसाळ्यात परत दिसते.

मां गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "त्या वर्षी आमच्याकडे आलंच नाही."

मला आधी वाटलं त्यांनी वर्ष चुकीचं ऐकलं. भाच्याने परत विचारलं. चुकीचं नव्हतं. २०१९ मध्ये अंगोलात पाऊस कमी झाला, आणि ओकावांगोला कित्येक वर्षांत आला नव्हता इतका तुटपुंजा पूर आला. माउनला नदी कोरडी. जी थोडी डबकी उरली त्यात पाणघोडे दाटीने चिखलात रुतून बसले, गुरं पाणी प्यायला उतरली की तिथंच अडकली. मोकोरो उलट्या करून ठेवल्या होत्या. मांनी ते वर्ष माउनमध्ये लोकांची धुणी धुऊन काढलं. "रोज सकाळी नदीवर जाऊन बघायचो, आलं का," त्या म्हणाल्या. त्याच ऑगस्टात मी रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावरून बघत होते, गेलं का.

त्यावर दोघींनाही पुढे काही बोलायला सुचलं नाही. शेकोटीत मोपाने लाकडाचा ओंडका फुटला. लांबवर पाणघोडा ओरडला, म्हाताऱ्या माणसाने गडगडून हसावं तसा. ह्यांनी सिंह का विचारलं. "कुबू," मां म्हणाल्या आणि भडंग खात राहिल्या.

सिंहही दिसले, तेही सांगून टाकते, कारण सांगलीला आल्यावर प्रत्येकाने आधी तेच विचारलं. मोरेमीच्या जंगलात दुसऱ्या गाडीतून गेलो, तिथं चार सिंहिणी झोपलेल्या होत्या. आम्ही अर्धा तास बघितल्या, त्यांनी एकदाही आम्हाला बघितलं नाही. झालं. त्यापेक्षा मोरेमीची गोष्ट मला आवडली. १९६३ मध्ये, बोट्स्वाना स्वतंत्र व्हायच्या तीन वर्षं आधी, बातावाना लोकांनी शिकारीने आपली जनावरं संपत चालली म्हणून आपल्याच जमिनीतलं रान राखीव केलं. त्या वेळी गादी सांभाळत होती ती राजाची विधवा. कुणा गोऱ्या साहेबाने हुकूम काढून केलेलं हे अभयारण्य नाही. त्यासाठी तिथल्या काही बायेई आणि बुशमन लोकांना मात्र आपल्या जागा सोडाव्या लागल्या, हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

जनावरांत माझ्या डोळ्यांसमोर राहिलंय ते लेच्वे. तांबूस हरणं, खूर लांब आणि फाकलेले. कोरड्यावर ती जरा अवघडल्यासारखी पळतात, मागचा भाग उंच, मान खाली, म्हातारीने ओचा धरून पळावं तशी. पाण्यात शिरली की मात्र चाल बदलते. गुडघाभर पाण्यातून अख्खा कळप उड्या घेत गेला, प्रत्येकाच्या पायाशी पाण्याची एक एक चादर उठत होती आणि उन्हात फुटत होती. सिंह त्यांच्यामागे पाण्यात यायला कुरकुरतात, म्हणून ती पाण्याच्या काठाकाठानेच जगतात. पूर पुढे सरकला की तीही पुढे सरकतात. आमच्याकडे पाणी वाढायला लागलं की माणसं जनावरं सोडून उंचावर नेतात. इथं जनावरं पाण्याबरोबर चालतात.

सगळंच गोड आहे असं नाही. मांच्या भावाचं शेत मोलापो आहे, म्हणजे पूर ओसरला की ओल धरलेल्या जमिनीत पेरायचं. नांगर, थोडा मका, थोडी ज्वारी, पाणी द्यायची गरज नाही. ऐकल्यावर ह्यांनी लगेच म्हटलं, "ही तर मळीची जमीन!" कृष्णाकाठची वांगी ज्या गाळात होतात तेच तंत्र, फक्त इथं गाळ कमी आणि ओल जास्त. पण बोट्स्वानात सव्वा लाखाच्या वर हत्ती आहेत, आणि त्यांनाही मका आवडतो. एका रात्रीत वर्षाचं पीक जातं. लोक मिरची आणि शेण एकत्र करून त्याच्या गोवऱ्या शेताच्या कडेला जाळतात, त्या धुराने हत्ती फिरतो म्हणे. मी मांना विचारलं, फिरतो का? त्यांनी हात अर्धवट हलवला. कधी फिरतो. आमच्यासारखे लोक हत्तीचे फोटो काढून जातात आणि मका त्यांचा जातो. २०१९ मध्ये सरकारने हत्तींच्या शिकारीवरची बंदी उठवली तेव्हा जगभरातून शिव्या पडल्या. त्या शिव्यांबद्दल मांचं मत विचारल्यावर त्यांनी जे म्हटलं ते भाच्याने भाषांतर करायला नकार दिला.

आणि वरच्या देशांचं भय आहेच. पाणी अंगोलाचं, वाट नामिबियाची, पूर बोट्स्वानाचा. तिघांनी मिळून १९९४ मध्ये नदीचा आयोग केला आहे. उद्या वर कुणी धरण बांधलं, कालवा काढला, तर इथं मुरत मुरत येणारं पाणी वाटेतच थांबेल. ह्यांनी यावर कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाबद्दल वीस मिनिटं भाषण केलं. त्यात कर्नाटक होतं, फुगवटा होता, लवाद होता. फरक एवढाच की आमची तक्रार खालच्याने पाणी अडवलं म्हणून, आणि यांची धास्ती वरच्याने अडवेल म्हणून. मां काठीला टेकून शांतपणे ऐकत होत्या.

निघायच्या सकाळी त्यांनी विचारलं, तुमची नदी इतका त्रास देते तर तुम्ही तिला काय म्हणता? मी म्हटलं, आई म्हणतो. कृष्णामाई. आणि मग मला सांगावंच लागलं की पाणी चढायला लागलं की सासूबाई घाटावर जाऊन तिची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू. माहेरवाशिणीची भरतात तशीच. आणि नरसोबाच्या वाडीला पाणी दत्ताच्या देवळात शिरतं, उत्तरेच्या दारातून येतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, त्याला आम्ही दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि त्या पाण्यात उतरून आंघोळ करायला माणसं रात्री-बेरात्री धावतात. मी स्वतः नववीत असताना आईचा हात धरून गेले होते. पाणी छातीशी, अंधार, आणि कुणीच घाबरलेलं नव्हतं. हे सगळं मी इंग्रजीत सांगत होते आणि सांगता सांगता माझं मलाच आठवत होतं.

मांनी ऐकून घेतलं. मग खिशातून एक नाणं काढून पाण्यात सोडलं. का, ते मी विचारलं नाही. कदाचित माझ्यासाठीच असेल.

घरी आलो तेव्हा आयर्विनला ३४ फूट होतं. शेजारच्या वहिनींनी विचारलं, तुमचं आवरलं का. सासूबाई नणंदेकडून आल्या आणि त्यांनी खणासाठी हाक मारली. या वेळी त्यांच्याबरोबर घाटावर मी गेले. एरवी मी सामान उचलत असते. पाणी चहाच्या रंगाचं, फेसाळ, वेगात. कमरेएवढं आहे की दोन पुरुष, काही कळायला मार्ग नव्हता. नारळ सोडला तो पुलाच्या खांबाला एकदा आपटला आणि गेला. मला भीती वाटली, नाही असं नाही.

यंदा जूनमध्ये भाच्याने व्हिडिओ पाठवला. माउनच्या जवळ कुठेतरी नदीचं कोरडं पात्र. पांढरी वाळू, वाळकं गवत, दोन गाढवं. आणि समोरून पाणी येतंय, माणसाच्या चालीने, चालता चालता मधेच थांबून विचार करत असल्यासारखं. एक खळगा भरतं, मग पुढच्या खळग्यात उतरतं. त्याच्या तोंडाशी काटक्या, फेस, बुडण्याच्या भीतीने पळणारे किडे, आणि त्या किड्यांवर टपलेले बगळे. पुढे पोरं उलट्या पावलांनी चालताहेत, पाण्याकडे तोंड करून, ओरडत. एक कुत्रं पाण्यावर भुंकतंय. भाचा मोबाइल धरून उभा आहे आणि मागे सरकत नाही. शेवटच्या सेकंदांत त्याच्या चपला दिसतात, मग ओल्या चपला, मग नुसतं पाणी.

तेवढा तुकडा मी सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितला आणि विचारलं, "इतकं हळू येतं? मग पुढे जाऊन ओटी भरायला वेळ मिळत असेल गं त्यांना."